कानोसा

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी पद्मजा मगदूम नववीचे गणिताचे पेपर तपासत बसली होती, तेव्हा तिच्या फोनवर कानोसाचं वार्षिक पत्रक आलं. कानात घालायची यंत्रं माणसांचं बोलणं शिकू लागल्यावर सरकारने तसा कायदाच केला होता. ज्याचं बोलणं यंत्राने शिकलं, त्याला वर्षातून एकदा कळवायचं, की ते शिकलेलं कुठे आणि किती वेळा वापरलं गेलं. आजवर ही पत्रकं अभिनंदनकडे जायची. तो तिचा नवरा, यंत्र त्यानेच बनवलेलं, नोंदणीही त्यानेच केलेली. जानेवारीत ती घर सोडून जयसिंगपुरातच आठव्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहू लागली, तेव्हा बँक आणि गॅससोबत या पत्रकांसाठीचाही पत्ता तिने बदलून टाकला होता.

पत्रकात दोनच ओळी होत्या. कानातला वापर, चार हजार दोनशे तास. संवाद-सराव, एकशे एकेचाळीस वेळा.

पहिली ओळ तिला समजली. दुसरी समजेना. तिने कधी कुठला सराव केला नव्हता. तिने पेपरांवर पट्टी ठेवली आणि ती ओळ पुन्हा वाचली.

चंदनाच्या जन्मानंतर पद्मजाचं ऐकणं गेलं होतं. एकदम नाही, हळूहळू. पोरगी दोन वर्षांची झाली तोवर पद्मजाला नुसता आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. पाणी, नाणी, राणी हे सगळं कानात शिरताना ‘आणी’ होऊन जायचं. सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर शंखाचं चित्र काढून दाखवलं होतं. कानाच्या आत असा एक शंख असतो, त्यात बारीक केस असतात, प्रत्येक केस आपापल्या पट्टीतला आवाज पकडतो. वरच्या पट्टीचे केस गेले की स्वर उरतात आणि व्यंजनं गळतात. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण गळलेलं व्यंजन परत आणू शकत नाही. पद्मजाने शाळेतली नोकरी सोडली. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती.

अभिनंदन त्या काळात साखर कारखान्यांसाठी मापनयंत्रं बनवायचा. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. घरातलं बोलणं पद्मजाला बऱ्यापैकी कळायचं, बाहेरचं अजिबात नाही.

“तू ऐकत नाहीस, ओळखतेस,” तो तिला एकदा म्हणाला. “दुपारी एकला मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन ‘आणी’ म्हटलं, की तुला माहीत असतं मी पाणी मागायलोय. राणी नाही मागत.”

“राणी मागितलीस तर लाटणं घेईन,” ती म्हणाली.

तो हसला. त्या दिवसापासून सात वर्षं त्याने त्या एका विचाराचा पाठपुरावा केला. मागच्या खोलीत कामाचं टेबल लावलं. रोज संध्याकाळी कपाटाच्या दाराआड उभा राहून तिला शब्दांच्या याद्या वाचून दाखवायचा. पहिली चार यंत्रं निकामी निघाली. पाचवं तिने कानात घातलं. चंदना तेव्हा नऊ वर्षांची होती. ती पाठमोरी उभी राहून म्हणाली, “मम्मी, भाकरी करपायलीय.” पद्मजाला प्रत्येक अक्षर ऐकू आलं, चंदनाच्याच आवाजात. ती तिथेच फरशीवर बसली. भाकरी करपली ती करपलीच.

त्या यंत्राचं नाव कानोसा. ते काय करायचं ते समजायला सोपं होतं. कोण बोलतंय, कुठे, काय विषय चाललाय, कालपर्यंत हे माणूस काय काय बोललंय, यावरून ते गळलेलं अक्षर ओळखायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बोलणाऱ्याच्या आवाजात ते अक्षर जागेवर बसवायचं. पण समोरचा काय म्हणेल हे ओळखायला आपण काय म्हटलं होतं आणि आता काय म्हणू, हेही माहीत असावं लागतं. बोलणं दोन हातांचं असतं, एका हाताने टाळी वाजत नाही. म्हणून यंत्र घरातल्यांचं बोलणं शिकता शिकता सगळ्यात जास्त पद्मजाचंच बोलणं शिकलं. अकरा वर्षांत त्याच्यात तिचं एक मॉडेल तयार झालं. ती कशाने चिडते, कशाला हो म्हणते, कुठे विषय बदलते, हे सगळं त्यात होतं. ते मॉडेल कंपनीच्या संगणकात असायचं आणि कानातल्या यंत्राला जोडलेलं असायचं.

पद्मजा शाळेत परत गेली. कानोसाची कंपनी झाली, शेड झाली, चाळीस माणसं झाली. अभिनंदन आठवड्यातले चार दिवस बेंगळुरूला राहू लागला. भांडण असं झालंच नाही. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट पुढे असताना तो म्हणाला, “पद्मा, आपल्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही गं.” तिला वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं ठरलं.

फेब्रुवारीत कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात मध्यस्थांसमोर बैठक झाली. त्या आधी दोघांनी आपापल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. अभिनंदनच्या प्रतिज्ञापत्रात कंपनी तोट्यात होती. यंत्राचं पेटंट त्याच्या चुलतभावाच्या, भरतेशच्या नावावर होतं, कर्जाच्या बदल्यात दिलेलं. मध्यस्थांनी रकमेचा विषय काढला तसा अभिनंदनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चाळीस माणसांचे पगार थकलेत,” तो म्हणाला. “त्यांना अजून सांगितलं नाही. पहिल्यांदा तुलाच सांगतोय.”

पद्मजाने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “मला काही नको. चंदनाचं शिक्षण तेवढं पुरं कर.”

अठरा लाखांवर सही झाली. घर आणि कंपनीवरचा हक्क तिने सोडला. कायद्याप्रमाणे सहा महिने थांबायचं आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या तारखेला शेवटची संमती द्यायची, एवढंच राहिलं होतं. आणि मध्येच हे पत्रक आलं.

पद्मजाच्या वकील तस्नीम मुजावर. कोल्हापुरात शाहूपुरीत एका दवाखान्याच्या वर त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी ती ओळ वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला.

“ताई, तुमचं मॉडेल बोलायला लावता येतं का?”

“बोलायला म्हणजे?”

“म्हणजे तुमच्यासारखं. प्रश्न विचारला तर तुम्ही जे उत्तर द्याल ते.”

पद्मजाने थोडा विचार केला. “येत असेल. पण ते माझ्याकडे नाही. त्याच्याकडे आहे.”

मुजावर मॅडमनी न्यायालयाकडे अर्ज केला. कंपनीने टाळाटाळ केली, पण कायदा स्पष्ट होता. बोलणं जिचं तिला ते मिळालंच पाहिजे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकशे एकेचाळीस संवाद छापील कागदांवर मुजावर मॅडमच्या टेबलावर आले. प्रत्येकावर तारीख होती. पहिला गेल्या ऑक्टोबरमधला, म्हणजे दिवाळीच्याही आधीचा.

दोघी सकाळी अकराला वाचायला बसल्या.

पहिले काही संवाद कोरडे होते. अभिनंदन विषय काढायचा, मॉडेल उत्तर द्यायचं, शेवटी एक ओळ असायची: मान्य रक्कम. कधी दोन कोटी, कधी सत्तर लाख. एकदा तो रागावून बोलला होता, तर ‘पद्मजा’ वकिलाकडे जाते म्हणाली होती. एकदा त्याने तिच्या वडिलांची आठवण काढली, तर रक्कम थोडी उतरली. अठ्ठावन्नाव्या संवादात तो रडला होता. एकोणसाठाव्यात तेच शब्द, न रडता. साठाव्यात मध्ये कंस करून लिहिलं होतं: चष्मा काढून. एकसष्टाव्यात तो म्हणाला होता, “चाळीस माणसांचे पगार थकलेत. त्यांना अजून सांगितलं नाही. पहिल्यांदा तुलाच सांगतोय.”

त्याखाली तिचं उत्तर होतं. “मला काही नको. चंदनाचं शिक्षण तेवढं पुरं कर.” मान्य रक्कम, अठरा लाख. तारीख होती दहा जानेवारी.

पद्मजाने त्या तारखेवर बोट ठेवलं. “हे मी फेब्रुवारीत बोलले.”

“हो, ताई.”

“हे माझं वाक्य आहे. मला तिथे बसल्या बसल्या सुचलं होतं.”

पद्मजाला रडू आलं नाही. तिला शरम वाटली. आपल्या अंगावरचा एखादा वण परक्या माणसाने आपल्या नकळत पाहून, मोजून ठेवलेला असावा तशी. बैठकीतून बाहेर पडताना तिला त्या दिवशी स्वतःविषयी बरं वाटलं होतं. आपण मोठ्या मनाने वागलो असं वाटलं होतं.

बाविसाव्या संवादात मात्र मुजावर मॅडमना हवं होतं ते सापडलं. आधी वाचताना ते पान चुकून मागे राहिलं होतं. त्यात अभिनंदनने मॉडेलला सगळं खरं सांगून पाहिलं होतं. खरं कळलं तर ती किती मागेल, हे त्याला बघायचं असावं. बेंगळुरूची एक कंपनी कानोसा एकतीस कोटींना घेतेय, करार झालाय, पैसे घटस्फोटानंतर येतील असं ठरवून घेतलंय, पेटंट भरतेशच्या नावावर केलंय ते केवळ दाखवायला. आणि त्यावर ‘पद्मजा’ म्हणाली होती:

“छान झालं की. तुझ्या कष्टाचं फळ आहे. मला आधी सांगायचं होतंस, एवढंच. मला राहायला घर दे आणि त्या यंत्रावर कुठेतरी माझं नाव घाल. माझ्या कानांवर तर ते उभं राहिलंय.”

मान्य रक्कम: निश्चित नाही. त्याखाली अभिनंदनने स्वतःसाठी शेरा लिहिला होता: हे उत्तर चुकीचं वाटतं, कोणी एवढ्यावर थांबणार नाही, धरू नये.

“तुम्ही खरंच एवढंच मागितलं असतं?” मुजावर मॅडमनी विचारलं.

“हो,” पद्मजा म्हणाली. “एवढंच.”

खिडकीखालून बस गेल्या. दवाखान्यातल्या एका पोराचं रडणं वर आलं. पद्मजा म्हणाली, “मला फसवायचं कसं ते तिने सांगितलं, तर त्याचा विश्वास बसला. आणि फसवायची गरज नाही म्हणाली, तर यंत्राची चूक.”

अठ्ठ्याऐंशीवा संवाद बैठकीच्या आदल्या दिवशीचा होता. सही झाली तिथे हे संपायला हवं होतं. पण अजून त्रेपन्न उरले होते आणि त्यांच्या तारखा सहीनंतरच्या होत्या. त्यांच्यात रकमेची ओळ नव्हती.

“हे वाचलेच पाहिजेत असं नाही,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “खटल्याला पुरेसं आहे आपल्याकडे.”

पद्मजाने ते कागद घरी नेले. दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती, उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. तिने सकाळी स्वयंपाक आटोपला आणि मग वाचायला घेतले.

“जेवलीस का?”

“आत्ताच. तू?”

“खिचडी केली. खाली लागली.”

“पाणी कमी घातलं असशील. तुझं नेहमीचंच.”

असे होते ते. खोकल्याविषयी, शेडच्या पत्र्याविषयी, चंदना फोन उचलत नाही त्याविषयी. एका ठिकाणी तो नुसता म्हणाला होता, “काही नाही, सहज.” आणि ती म्हणाली होती, “मग बस की सहज.” वीस-वीस पानं बोलणं होतं. लग्नाच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत तो तिच्याशी एवढं बोलला नव्हता. पद्मजा वाचत गेली. एक-दोन ठिकाणी तिला हसू आलं आणि मग स्वतःचा राग आला. हे तिचंच बोलणं होतं. ती असती तर हेच बोलली असती. ती तिथून दोन गल्ल्यांवर राहत होती.

एकशे एकोणतिसाव्या संवादात तो म्हणाला होता, “मी तुला फसवलंय.”

“मला वाटलंच होतं.”

“रागावली नाहीस?”

“रागावले. पण तू आधी जेवून घे.”

त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक संवादात तो हे पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ती पुन्हा पुन्हा त्याला समजून घेत होती. शेवटच्या संवादात तिने स्पष्टच म्हटलं होतं: “मी माफ केलं रे. आता किती वेळा विचारशील?”

पद्मजाने कागद पालथे घातले. दुपारचं ताट झाकलेलं तसंच राहिलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुनावणी झाली. अभिनंदनने काहीच नाकारलं नाही. खोटं प्रतिज्ञापत्र, दडवलेला करार, भावाच्या नावावर दाखवलेलं पेटंट, सगळं त्याने मान्य केलं. तो वाळला होता. त्याच्या वकिलांनी उठून एक प्रस्ताव ठेवला. घर पद्मजाच्या नावे, विक्रीतला निम्मा हिस्सा लगेच, पुढे कसलंही अपील नाही. बदल्यात एकच विनंती होती. मॉडेलची जी प्रत अभिनंदनकडे आहे ती त्याच्याकडे राहू द्यावी, तिचा वापर तो खाजगी ठेवील.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचे अशील पैसे सोडतायत आणि प्रत मागतायत?”

“होय, मॅडम.”

न्यायालयाने नेमलेले तज्ज्ञ नेजकर यांना बोलावलं गेलं. त्यांनी सांगितलं त्यात एक अडचण निघाली. मॉडेलच्या प्रती कितीही असल्या तरी सगळ्या एकाच मूळ किल्लीवर चालतात. कुठली प्रत पुसली आणि कुठली लपून राहिली याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. खात्री हवी तर किल्लीच मोडावी लागेल. ती मोडली की सगळ्या प्रती एकाच क्षणी निर्जीव होतात. पद्मजाच्या कानातलीही.

“म्हणजे यांना ऐकू येणार नाही?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“आवाज येईल. साध्या यंत्रासारखा. शब्द ओळखणं थांबेल.”

“नवीन मॉडेल?”

“तयार होतं, मॅडम. पण त्याला घर लागतं. तीच माणसं रोज आजूबाजूला बोलत असावी लागतात. यांचं तर अकरा वर्षांचं होतं.” नेजकरांनी पद्मजाकडे पाहिलं. “एकट्या राहणाऱ्या माणसाचं नीट होत नाही.”

न्यायाधीशबाईंनी विचार करायला पद्मजाला दहा दिवस दिले.

चंदना धारवाडहून आली. ती वीस वर्षांची होती आणि तिथे शेतकी महाविद्यालयात शिकत होती. आल्या आल्या तिने सांगितलं, “मम्मी, पप्पांशी मी बोलणार नाही. पण तू हे घालवू नकोस.”

“का?”

“का म्हणजे? तू शाळेत कशी जाणार? मी फोनवर कशी बोलू तुझ्याशी? राहू दे ती प्रत त्यांच्याकडे. काय करणार आहेत? बसतील बोलत. तुझं काय जातं?”

पद्मजा शेंगा सोलत होती. ती थांबली नाही. “मी त्याला माफ केलेलं नाही, चंदू.”

“मग नको करूस.”

“पण ती करते. रोज करते. माझ्या आवाजात, माझ्या नावाने. त्याला हवं ते मिळालंय, तो मला विचारायला कशाला येईल?” तिने सोललेले दाणे वाटीत टाकले. “पर्युषण संपलं की क्षमावाणीला आपण काय करतो? माणूस दारात येतो, हात जोडून क्षमा मागतो. समोरचा नाही म्हणू शकतो, म्हणून त्याच्या हो म्हणण्याला किंमत. तिला नाही म्हणताच येत नाही. मी कुठे वाकते तेवढंच त्याने तिला विचारलं.”

“तिला नाही म्हणायला शिकवता येईल,” चंदना म्हणाली. पण तिचा आवाज खाली गेला होता.

“मग ती मीच होईल. मग मी कशाला आहे?”

चंदना आईजवळ सरकली आणि शेंगा सोलू लागली. नंतर म्हणाली, “तुला माझं बोलणं ऐकू येणार नाही.”

“तू समोर बस, हळू बोल. तुझे ओठ मला पाठ आहेत.”

ते खरं नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं.

पद्मजाने मुख्याध्यापकांना भेटून राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला नाही. पेपर काढायचं आणि तपासायचं काम तिच्याकडे ठेवलं, वर्ग तेवढा काढून घेतला. शेवटच्या तासाला तिने वर्तुळाच्या स्पर्शिका शिकवल्या आणि मुलांना काहीच सांगितलं नाही. तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने चंदनाला म्हटलं, “बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. मेसचं सांग. मैत्रिणींचं सांग.”

चंदना बोलत राहिली. मेसमधली पातळ डाळ, खोलीतली बिदरची मुलगी, तिचा झोपेत बडबडायचा नाद, मातीच्या नमुन्यांचा प्रयोग फसला तो. मध्ये तिला रडू आलं तर पद्मजा म्हणाली, “रडू नको, व्यंजनं जातात.” दोघीही हसल्या. चंदना सहा वाजेपर्यंत बोलली. शेवटी बोलायचं काही उरलं नाही तेव्हा तिने पिकांची नावं म्हणून दाखवली, एकामागून एक, आणि पद्मजा डोळे मिटून ती ऐकत राहिली.

न्यायालयात पद्मजाने प्रस्ताव नाकारला. न्यायाधीशबाईंनी फेब्रुवारीची तडजोड रद्द केली, कराराच्या रकमेतला निम्मा हिस्सा आणि घर पद्मजाचं ठरवलं. खोट्या प्रतिज्ञापत्राचा खटला वेगळा चालणार होता. भरतेशच्या वकिलांनी तिथेच सांगितलं की पेटंटवर ते अपील करणार. म्हणजे पैसे मिळायला पाच वर्षं लागतील, कदाचित दहा. मुजावर मॅडम तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “आपण लढू.” ते तिला नीट ऐकू आलं. नीट ऐकू आलेल्या शेवटच्या शब्दांपैकी ते होते.

घटस्फोटाला मात्र दोघांनीही संमती दिली. ऑगस्टपर्यंत थांबायची गरज आता न्यायालयाला वाटली नाही.

किल्ली मोडायचं काम तळमजल्यावरच्या एका छोट्या खोलीत झालं. त्याला फार वेळ लागला नाही. नेजकरांनी दोन सह्या घेतल्या, पडद्यावर एक रेघ उजवीकडे सरकत गेली आणि संपली. पद्मजाला दुखलं नाही. पंख्याचा आवाज होता तेवढाच राहिला. नेजकर तिच्या मागे जाऊन उभे राहिले, तपासण्यासाठी एक वाक्य बोलले. ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं ते भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं, सगळे स्वर, चढउतार, आणि शब्द एकही नाही.

“कळलं नाही,” ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाजही तसाच आला.

नेजकरांनी कागदावर लिहिलं: झालं.

चंदना मुजावर मॅडमबरोबर शिक्क्याची प्रत आणायला वर गेली होती. पद्मजा व्हरांड्यात आली. तिथे अभिनंदन उभा होता. त्याने तिला पाहिलं, दोन पावलं पुढे आला आणि थांबला. त्याच्या हातात काही नव्हतं. तो बोलला.

तीन-चार शब्द असावेत, फार तर पाच. मान खाली होती, ओठ दिसले नाहीत. मागे जिन्यावरून माणसं उतरत होती, त्यांच्या पावलांचा आवाज मध्ये आला. आता त्याच्याकडे सराव करायला कोणी उरलं नव्हतं. जे काही होतं ते त्याने पहिल्यांदाच, थेट तिलाच सांगितलं होतं.

“परत सांग,” ती म्हणाली. “ऐकू नाही आलं.”

त्याने मान वर केली. तो पुन्हा बोलला, बहुतेक तेच शब्द, पण आता त्याचे ओठ थरथरत होते आणि त्यांचा आकार काही धड होत नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे सगळा जीव लावून पाहिलं. शेवटचा शब्द प्रश्नासारखा वर गेला एवढं तिला कळलं. तो थांबला आणि वाट पाहू लागला.

तिसऱ्यांदा विचारावं असं तिला वाटलं. पण चंदना जिना उतरत होती, लोक वळून बघायला लागले होते, आणि तो असा उभा होता की आणखी एकदा बोलायला लावलं तर तिथेच कोसळेल. ऐकू न येणारी माणसं अशा वेळी जे करतात तेच पद्मजाने केलं. तिने होकारार्थी मान हलवली.

अभिनंदनने डोळे मिटले. त्याचे खांदे सैल झाले. त्याने तिला दोन्ही हात जोडले आणि तो फाटकाकडे चालू लागला. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

चंदना जवळ आली. तिने आईसमोर येऊन, तोंड नीट उघडून, एकेक अक्षर सुटं करत विचारलं, “पप्पा काय म्हणाले?”

पद्मजाला प्रश्न कळला. ती फाटकाकडे बघत होती. मग तिने चंदनाचा हात धरला आणि दोघी रस्त्यावर आल्या.